तळ, मधला, टोक

देवाजी खापरे पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही की गावही विचारलं नाही. ते माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून आले, मागून माझे दोन्ही खांदे अंगठ्यांनी दाबले आणि म्हणाले, "तळ."

नाशिकहून नागपूरला बदली होऊन मला तीन दिवस झाले होते. सामान अजून सुतळीत बांधलेलं होतं आणि मी बादली घेऊन वाड्यासमोरच्या नळावर उभा होतो. अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. अशा अवस्थेत अनोळखी माणसाने मागून खांदे दाबले तर काय करायचं, हे आमच्या सेवानियमांत कुठेही लिहिलेलं नाही. मी दचकून वळलो आणि काय म्हणालात, असं विचारलं.

"तळ म्हणलं. तळाले चालते तुमचा खांदा. रुंद हाये, पण लोंबून राहिला. काम काय करता गा तुम्ही?"

"सरकारी कचेरीत आहे. आवक-जावक विभागात."

"तरीच," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या 'तरीच'चा मला दिवसभर राग आला. संध्याकाळी मी आरशासमोर उभा राहून खांदे पाहिले. लोंबत होते, हे खरंच होतं. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, काय चाललंय म्हणून विचारलं तेव्हा मी मान अवघडलीय असं सांगून वेळ मारून नेली.

देवाजी गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात माप घालायचं काम करत. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि उजव्या कानामागे कायम निळी पेन्सिल. दुकानात लोखंडी मीटर होता आणि तो ते दुकानापुरता वापरतही. पण पायरी उतरली की त्यांचा हिशेब वितीचा आणि बोटांचा. तोही हाताने नव्हे, नुसत्या डोळ्याने. मी एकदा त्यांची परीक्षा घ्यावी म्हणून माझी उंची विचारली. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. "सात वीत चार बोटं." घरी जाऊन मंदाकडून मोजून घेतली. बोटाचाही फरक नव्हता. "मी साडेसात वीत हावो," हे त्यांनी न विचारता सांगून ठेवलं होतं. ते माझ्याहून ठेंगणे दिसत, पण इतक्या बिनचूक डोळ्याच्या माणसाशी वाद कोण घालणार?

दुकान सुटलं की देवाजी आपल्या खऱ्या कामाला लागत. मनोरा हे ते काम. माणसांच्या खांद्यांवर माणसं, त्यांच्या खांद्यांवर आणखी माणसं, आणि सगळ्यांत वर हात पसरून उभं राहिलेलं एक चिमणं पोर. गेली अठरा वर्षं ते मोहल्ल्यातल्या मुलांना हे शिकवत होते. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात तीनच प्रकारची माणसं होती. तळाची, मधली आणि टोकाची. धर्म, जात, पगार, शिक्षण यांची त्यांनी कधी चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

एका लग्नात अक्षता हातात घेऊन ते माझ्या शेजारी उभे होते. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "नवरी तळ हाये. नवरदेव टोक. बरं झालं, घर टिकन." हे त्यांच्या मते हळू आवाजात होतं. नवरीच्या मामाने वळून असं पाहिलं की मी उरलेल्या अक्षता खिशात टाकून मागच्या रांगेत सरकलो.

मंदालाही त्यांनी सोडलं नाही. "वहिनी, लग्नाच्या टायमाले तुम्ही टोक असान. आता मधल्या थरात आल्या." मंदा आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि त्या आठ दिवसांत तिने रात्रीचा भात बंद केला. नवव्या दिवशी देवाजी दाराशी येऊन म्हणाले, "जेवत जा वं वहिनी. मधला थर नसला तर टोक काय हवेत उभं राहाते?" यावर मंदा हसली, त्यांना चहा मिळाला आणि भातही पुन्हा सुरू झाला.

आमच्या भागात मनोरा करणारी दोन मंडळं होती. एकाला सगळे मोठं मंडळ म्हणत. त्यांचं पक्कं बांधलेलं सभागृह होतं, साठ मुलं होती, सगळ्यांना पांढरे बनियन, पांढऱ्या चड्ड्या, पांढरे कॅनव्हासचे जोडे. स्वतःचा बँड होता. सराव संपला की प्रत्येकाला पेलाभर दूध मिळे. या सगळ्याचे प्रमुख नानाजी नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे, अगदी सत्यनारायणाच्या पूजेलाही.

दुसरं मंडळ देवाजींचं. त्यालाही काही तरी नाव होतं, पण पाटीवरची अक्षरं उन्हाने उडाल्यापासून ते कुणालाच आठवत नव्हतं. लोक नुसतं 'देवाजीचे पोट्टे' म्हणत. मुलं पंधरा. जागा म्हणजे शाळेमागची पत्र्याची एक खोली आणि तिच्यापुढचं मातीचं अंगण. गणवेश दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे. एकाचा सदरा चौकड्यांचा, दुसऱ्याचा रेघांचा, बाल्या नावाच्या एका गोलमटोल मुलाचा तर चक्क गुलाबाच्या फुलांचा. पंधराजण एकावर एक उभे राहिले की वाळत घातलेली गोधडी दिसायची. मी हे एकदा बोलून दाखवलं.

"पांढऱ्यात पोट्टं हरवते गा," देवाजी म्हणाले. "आपल्यात कोण कुठं हाये ते लगेच दिसते. त्या नानाजीपाशी टोकाले सहा पोट्टे. एक आजारी पडला तर दुसरा चढवते. माह्यापाशी एकच. म्हणून मले तो आजारी पडू देताच येत नाही."

साठांशी पंधरांनी कसं लढायचं, यावर त्यांचं एवढंच शास्त्र होतं. नानाजी थर मोजत, देवाजी पोरं मोजत. देवाजी नवीन आलेल्या मुलाला पहिला महिनाभर वर चढूच देत नसत. महिनाभर फक्त पडायचं. उभ्याने पडायचं, बसून पडायचं, दुसऱ्याच्या पाठीवरून पडायचं, पडल्या पडल्या गोल लोळण घ्यायची आणि उठून हात बाजूला ठेवून रांगेत उभं राहायचं. "चढाले तर माकडही चढते. पडणं शिकवा लागते." धुळीने माखलेली मुलं घरी गेली की आया देवाजींच्या नावाने बोटं मोडत.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो प्रश्न. रोज संध्याकाळी मुलं रांगेत उभी राहिली की देवाजी प्रत्येकासमोर थांबून विचारत, "आज काय खाल्लं?"

"वरण-भात, वस्ताद."

"पोळी अन् चटणी, वस्ताद."

"काही नाही, वस्ताद. आई कामाले गेली होती."

असं ज्याचं उत्तर येई, त्याला त्या दिवशी वर जायला मिळत नसे. तो देवाजींच्या शेजारी पायरीवर बसून पत्र्याच्या डब्यातले फुटाणे खाई. भुकेला पाय थरथरतो, आणि ती थरथर खालून वर चढत थेट टोकापर्यंत जाते, असं देवाजींचं म्हणणं. त्या दिवशी कुणाचं कुणाशी भांडण झालंय हेही ते विचारून घेत आणि त्या दोघांना एकमेकांवर उभं करत नसत. आपली जागा जाऊ नये म्हणून पोरं संध्याकाळच्या आत भांडणं मिटवून येत.

हे असंच चालू राहिलं असतं, पण दिवाळीच्या आधी स्पर्धा समितीचा एक कागद आला. देवाजी तो घेऊन माझ्याकडे आले. त्यांना वाचता येत होतं, पण सरकारी वळणाचा कागद सरकारी माणसानेच वाचावा, असा त्यांचा आग्रह. मी खाकरून वाचला. प्रत्येक मंडळाने किमान सोळा जणांचा मनोरा रचावा. मनोरा वीस अंक मोजेपर्यंत टिकावा. तसे न झाल्यास मंडळाचे नाव यादीतून कमी करण्यात येईल. सहभागी होणाऱ्यांस वयाची अट नाही.

"यादीतून नाव कमी होईन म्हणजे?"

"म्हणजे खोली जाईल, देवाजी. यादीत नाव असलेल्या मंडळालाच ती खोली वापरता येते."

त्यांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. ती खोली नानाजींना हवी होती, बँडचं सामान ठेवायला. हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पत्रे गळणाऱ्या त्या आठ बाय दहाच्या खोलीत देवाजींचा एवढा जीव का अडकावा, ते मात्र मला कळलं नाही. "खोली गेली नाही पाह्यजे बाबू," एवढंच ते दोनदा म्हणाले.

पंधरांचे सोळा करायचे होते. तेवढ्यात पंधरांचे चौदा झाले. पमी मोठ्या मंडळात गेली.

पमी म्हणजे देवाजींचं टोक. मागच्या गल्लीतल्या विणकराची आठ वर्षांची मुलगी. अंगावर मांस नाही पण काम असं की देवाजी तिला भिवापुरी मिरची म्हणत. तिसऱ्या थरावर ती कधी चढली हे पाहणाऱ्याला कळतही नसे. नानाजींनी तिला जोडे दिले, दूध कबूल केलं आणि सहा थरांच्या वर उभं करायचं वचन दिलं. मला भयंकर संताप आला. मी नानाजींना चांगलं सुनवायला निघालो होतो, म्हणजे निदान चप्पल तरी पायात घातली होती. देवाजींनी मला थांबवलं.

"जाऊ दे गा. पांढरे जोडे हायेत तिथं. मी आठ वर्षांचा असतो तर मीही गेलो असतो."

पण त्या संध्याकाळी रांगेच्या टोकाशी, जिथे पमी उभी राहायची, तिथे येऊन ते थांबले. "पमे, आज काय..." इथपर्यंत बोलले आणि मग टोपी सारखी करत परत फिरले.

दोन माणसं कमी होती. एक म्हणून त्यांनी कोपऱ्यावरचा गुलाब पानवाला पकडला. मग माझ्या दारात आले. "वयाची अट नाही असं तुम्हीच वाचलं होतं ना बाबू?"

मी पस्तिशीचा माणूस. पोट सुटलेलं. चाळीस फायली उचलल्या की धाप लागते. हे सगळं मी त्यांना सांगणार, तोच आतून मंदा म्हणाली, "जा की! दोन वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलं तेव्हापासून खांदे लोंबतायत ते लोंबतातच आहेत."

अशा रीतीने मी तळात सामील झालो. पहिला महिना पडण्यात गेला. एका राजपत्रित नसलेल्या का होईना, पण सरकारी कर्मचाऱ्याने रोज संध्याकाळी अर्ध्या चड्डीत मातीत लोळणं हा मोहल्ल्याच्या करमणुकीचा विषय झाला. त्याहून वाईट म्हणजे रांगेत उभं राहून उत्तर द्यावं लागे.

"बाबू, आज काय खाल्लं?"

"दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी."

"खोटं नको बोलू गा. वहिनीनं सांगतलं, चार पोळ्या खाल्ल्या."

चौदा पोरं खिदळली. गुलाबही हसला.

माझ्या खांद्यावर विठ्ठल नावाचा बारा वर्षांचा मुलगा उभा राही. पहिल्या दिवशी तो मला पोत्यासारखा जड वाटला. पंधरा दिवसांनी त्याचे तळवे मला ओळखू यायला लागले. आज याची परीक्षा होती, आज याला ताप येणार आहे, आज हा खूश आहे, हे मला खांद्याला कळे. अकरा वर्षं नोकरी केली, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस डब्यात काय आणतो हे मला माहीत नव्हतं. इथे मला पंधराजणांचं जेवण तोंडपाठ झालं. मला ते फार आवडायला लागलं होतं, हे कबूल करतो. सहा वाजायची मी वाट पाहत असे. खोली जाता कामा नये, हे आता मलाही मनापासून वाटत होतं.

स्पर्धा शनिवारी दुपारी होती आणि शनिवारी आमची कचेरी चालू. मी रजेचा अर्ज टाकला. 'तीव्र पाठदुखीमुळे उभे राहणे अशक्य झाले असून...' अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा आहे.

मैदानावर मोठी गर्दी. मोठ्या मंडळाचा बँड वाजत होता. त्यांनी सहा थर रचले आणि सगळ्यांत वर पमी झेंडा घेऊन उभी राहिली. तिचे पाय थरथरत होते. इतक्या लांबून ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. देवाजींना दिसलं. ते नकळत दोन पावलं पुढे गेले आणि दोन्ही हात झेलण्यासाठी पुढे धरून उभे राहिले. मध्ये सगळं मैदान होतं. पमी सुखरूप उतरली, टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा कुठे त्यांचे हात खाली आले.

थोड्या वेळाने पांढरे जोडे घातलेली पमी गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आली. देवाजींच्या समोर, पोरं रांगेत उभी राहतात तशी सरळ उभी राहिली.

"वस्ताद, मी सकाळपासून काहीच नाही खाल्लं. दूध आता भेटणार हाये."

"काहून नाही खाल्लं वं?"

"कोणी इचारलंच नाही."

देवाजींनी डबा उघडून तिची ओंजळ फुटाण्यांनी भरली. नाव तिकडच्या यादीत असल्यामुळे ती आमच्या मनोऱ्यात येऊ शकत नव्हती. ती फुटाणे खात तिथेच कडेला उभी राहिली.

मग आमचं नाव पुकारलं. तळाला सात, मधोमध मी. त्यावर पाच, त्यावर तीन, आणि पमीच्या जागी बाल्या, गुलाबाच्या फुलांच्या सदऱ्यात. बाल्या वर पोचला, हात पसरले, आणि ध्वनिक्षेपकावर अंक सुरू झाले. एक. दोन. तीन. विठ्ठलचे घोटे माझ्या हातात होते. त्याचे पाय लाकडासारखे स्थिर होते. आठ. नऊ. मला आतून इतका आनंद होत होता की मी जवळजवळ हसत होतो.

दहाव्या अंकाला प्रमुख पाहुणे मंचावरून खाली उतरले. पाहुणे म्हणून एक पैलवान येणार होते. त्यांना ऐनवेळी ताप आला आणि समितीने धावपळ करून कुणाला तरी आणलं होतं, एवढं आम्ही ऐकलं होतं. हार घातलेले पाहुणे कौतुकाने एकेका खांद्याकडे पाहत आमच्यासमोरून येऊ लागले. अकरा. बारा. ते माझ्यापुढे येऊन थांबले आणि मी वर पाहिलं.

ते आमचे साहेब होते.

"अरे! पाटणकर?"

तेरा. माझ्या डोळ्यांपुढे तो अर्ज आला. उभे राहणे अशक्य. माझे हात विठ्ठलच्या घोट्यांवरून सुटले आणि आपोआप जोडले गेले. तरीही मनोरा पडला नाही. विठ्ठलने टाचा रोवून धरल्या, शेजारच्या गुलाबने एका हाताने त्याला आधार दिला. तेवढ्यावर निभावलं असतं. पण साहेब मोठे सौजन्यशील. रोज सकाळी ते कचेरीत शिरले की आम्ही सगळे उठून नमस्कार करतो आणि ते हाताने खाली खाली अशी खूण करून म्हणतात, "बसा, बसा." त्यांनी माझा नमस्कार पाहिला, हात हलवला आणि सवयीने म्हणाले,

"बसा, बसा."

चौदा. आणि मी बसलो.

विचार केला नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत साहेब बसा म्हणाले आणि मी बसलो नाही असं एकदाही घडलेलं नव्हतं. गुडघे आपोआप वाकले. मधला खांबच बसल्यावर बाकीचे काय करणार? सगळे गडगडत खाली आले. आणि मग जे झालं ते पाहून मैदान थक्क झालं. प्रत्येक पोराने पडता पडता गोल लोळण घेतली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे हात बाजूला ठेवून सरळ रांगेत उभे. कुणाला खरचटलंही नाही. बाल्या देवाजींच्या हातात अलगद येऊन पडला होता. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. सर्वांत जास्त टाळ्या आम्हाला मिळाल्या. मैदानाच्या मध्यभागी मी एकटा बसलेला होतो आणि साहेब ओशाळून म्हणत होते, "नाही हो, मी आपलं सहज म्हणालो."

टाळ्यांचे गुण नव्हते. मनोरा चौदा अंक टिकला होता. नाव यादीतून गेलं.

मला वर मान करून पाहवेना. देवाजी माझ्याजवळ उकिडवे बसले. आता हा माणूस मला वाटेल ते बोलला तरी ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

"तुमची चूक नाही बाबू," ते म्हणाले. "मी तुमाले उभं राहाले शिकवलं. सायब बसा म्हणल तर काय कराचं, ते शिकवाचं राहूनच गेलं."

सोमवारी कचेरीत गेलो तेव्हा टेबलावर माझा अर्ज होता. त्यावर साहेबांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'पाठीची तपासणी समक्ष केली. रजा मंजूर.'

पुढच्या रविवारी खोली रिकामी करून द्यायची होती. मी संध्याकाळी मदतीला गेलो. एक दोरखंड, एक सतरंजी आणि फुटाण्यांचा डबा, एवढंच सामान. ते उचलायला माझी गरज नव्हती. मला फक्त देवाजींना एकटं सोडायचं नव्हतं. आत गेलो तर त्यांनी भिंतीवर मांजरपाटाचा एक लांबलचक कोरा पन्ना खिळ्यांनी टांगला होता आणि त्याची कड उचलून उचलून ते निळ्या पेन्सिलीने काही तरी उतरवून घेत होते.

मी दोन वर्षांत त्या खोलीत अनेकदा आलो होतो. पण सतरंजी आणि दोरखंड टांगलेल्या त्या भिंतीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आता देवाजींनी पन्ना वर उचलून धरला आणि ती दिसली. जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेशेजारी नाव. बाल्या, बाल्या, बाल्या, एकावर एक. विठ्ठल. त्याचा थोरला भाऊ. ज्यांना मी ओळखत नव्हतो अशी किती तरी नावं. अठरा वर्षांतली सगळी पोरं त्या भिंतीवर उभी होती. नानाजी उद्या तिला चुना लावणार होते.

मी पमीचं नाव शोधलं. खालून एक, दोन, तीन रेघा. सगळ्यांत वरची रेघ ताजी होती.

"ही कधीची?"

"परवाची. अर्धं बोट वाढली."

"पण ती तर तिकडे गेली."

"मग?" देवाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही तरी विचित्र बोललो होतो. "मंडळ सोडलं गा तिनं, वाढणं थोडी सोडलं. तिकडच्या कुंपणावरून जाता जाता पाहून घेतो. घरी येऊन, म्हणजे इथं येऊन, लावतो."

मग मला कळलं की त्यातल्या निम्म्या रेघा सोडून गेलेल्यांच्या होत्या. कुणी मोठ्या मंडळात गेलेलं, कुणी लग्न होऊन कुही गावाला, कुणी भिलाईच्या कारखान्यात. दिवाळीला गावी आलेला मुलगा दुकानात कापड घ्यायला आला की देवाजी त्याला डोळ्याने मोजून घेत आणि इथे येऊन त्याच्या जुन्या रेघेवर नवी रेघ मारत. त्या मुलांना याचा पत्ताही नव्हता. माझं बसणं किती महागात पडलं होतं ते मला त्या क्षणी समजलं.

मी पन्न्याची दुसरी कड धरली. आम्ही दोघांनी मिळून सगळी भिंत कापडावर उतरवली. शेवटच्या रेघेशी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

"देवाजी, तुमची रेघ कुठाय?"

"माही?" ते हसले. "मले कोण मोजन?"

मी त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि त्यांना भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं. ते नाही नाही म्हणत उभे राहिले. टोपी काढली, हनुवटी वर केली आणि पोरं करतात तशी हळूच टाच उचलली.

"टाच खाली, वस्ताद."

टाच खाली आली. मी पन्न्यावर रेघ मारली. सात वीतही पुरती भरत नव्हती. ज्यांचा डोळा बोटभरही चुकत नसे, ते स्वतःच्या बाबतीत सहा बोटांहून जास्त चुकले होते. ते वळून त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले.

"आज काय खाल्लं, देवाजी?" मी विचारलं. का विचारलं, सांगता येत नाही. त्या खोलीत उभं राहिलं की हा प्रश्न यायचाच.

ते उत्तर द्यायला तोंड उघडून थांबले. कुठल्याही पोराने इतका वेळ घेतला नव्हता. मग मान खाली घालून, हात बाजूला ठेवून ते म्हणाले, "सकाळचा चहा."

"आणि?"

"अन् काही नाही."

संध्याकाळचे सहा वाजले होते. ते दुकानाच्या माळ्यावर एकटे राहत, बायको जाऊन वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस मी त्यांना माझी प्रत्येक पोळी सांगत आलो होतो आणि त्यांना उलट एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी डबा उघडून त्यांच्या तळहातावर फुटाणे ओतले. त्यांनी ते भिंतीकडे तोंड करून एकेक करत खाल्ले.

मग त्यांनी तो पन्ना दुकानातल्या सवयीने हातावर घड्या घालत गुंडाळला आणि काखेत मारला. मी म्हणालो, "घरी चला. मंदा वाट पाहतेय."

"वहिनीले सांगतलं का?"

"नाही."

"मग पोळ्या कमी पडतीन ना गा."

"पडू देत. मी दोनच खाईन."

पायरी उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अंगठ्याने थोडं दाबून पाहिलं. "लोंबणं कमी झालं," ते म्हणाले. मला वाटलं, आता ते हात काढून घेतील. त्यांनी काढला नाही. घरापर्यंत तो हात माझ्या खांद्यावर होता. त्याचं वजन ते काय असणार! पण मी तळाच्या माणसाने चालावं तसा जपून, हळूहळू चालत राहिलो.